सोळाशे मीटर

भरतीच्या आदल्या रात्री टेंबलाईच्या उतारावर
पोरं वर्तमानपत्र अंथरून झोपतात, बूट उशाला.
जत, गडहिंग्लज, पार बिदरपासून आलेली.
त्या चार दिवसांत आमच्या बायका तिकडं फिरकत नाहीत.
"पोरं हाईत वं ती," कल्लव्वा म्हणते,
"उद्या पळायचंय त्यांना."

धंदा होतो तो कॅम्प लागल्यावर.
रविवारी आऊटपास घेऊन उतरतात खाली,
केस बारीक, खिशात घरी पाठवून उरलेलं.
मी रसवंतीच्या मागं पिशवी घेऊन बसते.
पिशवीत पाकिटं, एक लाकडी दांडा, चित्रांचं पुस्तक.
फोडांची चित्रं बघून आता कुणी तोंड फिरवत नाही.
आठ वर्षं मीही ह्याच भिंतीला टेकून उभी होते,
म्हणून मला कुणी मॅडम म्हणत नाही.
बरं आहे.

सगळं अडतं ते जादा शंभरावर.
पाकीट नको म्हणणारा शंभर वर देतो.
मी हिशेब मांडते: शंभर इकडं,
तिकडं सीपीआरच्या फेऱ्या, रिक्षा, खाडा, कुल्ल्यात दोन सुया.
हिशेब त्यांना माझ्यापेक्षा चांगला येतो.
पोरीची फी उद्यावर आली असती
तर मीही घेतले असते.
घेतलेत.
त्याची गोळी रोज रात्री नऊला गिळते.

एकदा पुण्याहून एक बाई फॉर्म घेऊन आली.
सामाजिक पार्श्वभूमी, असा रकाना.
"म्हंजी काय गं?" कल्लव्वानं मला विचारलं.
म्हटलं, मागं काय होतं ते.
तिनं मागं वळून बघितलं.
"मागं भिंत हाय."
मग बऱ्याच वेळानं, नखानं चुना खरवडत,
निपाणीची वखार सांगितली,
तंबाखू चाळताना डोळं चुरचुरायचं,
हजेरी मांडायच्या आधी मुकादम कोठीत बोलवायचा,
नवऱ्याला कळल्यावर त्यानं
मुकादमाला काही विचारलं नाही.
बाईनं सगळं ऐकलं, पाणी प्याली,
आणि रकान्यात लिहिलं: स्थलांतर.

यंदा उतारावर झोपलेल्यांत बाळेश होता. तिचा.
होस्टेलात वाढलेला. आई मेसमध्ये भाकऱ्या करते
एवढंच त्याला ठाऊक, किंवा एवढंच तो बोलतो.
सकाळी तो मैदानात पळत होता
तेव्हा ती सीपीआरला बाकावर बसलेली,
तीन महिन्यांची तपासणी, बाही वर.
पाच मिनिटं बावीस सेकंद, त्याचा फोन आला.
नर्स म्हणाली, हात हलवू नका.

मेडिकलही निघालं. राहिली पोलीस पडताळणी.
घरी येणार तो हवालदार कोण, ते आम्हाला सगळ्यांना माहीत.
कल्लव्वानं दार रंगवलं, तुळस आणली,
दोन रात्री झोपली नाही.
"त्यानं वळखलं तर?"
म्हटलं, ओळखणार नाही.
ओळखलं तर कुठं बघितलं ते त्यालाही सांगावं लागेल.
तो आला, चहा प्याला, सही केली.
जाताना तिच्याकडं बघितलं नाही,
पायताण घालताना मात्र चुकीचा पाय घातला.

काल पत्र्याची ट्रंक घेऊन आलो, पापाच्या तिकटीवरनं.
तिनं बनियन घातले, चटणीची बरणी, खोबरेल,
पोराचं नाव रंगवून घेतलेलं, अजून ओलं.
मग माझ्या पिशवीकडं बघत राहिली.
"कुठंतरी त्यालाबी आऊटपास मिळंल."
मी काहीच बोलले नाही.
तिनं हात घालून मूठभर पाकिटं काढली,
टॉवेलच्या घडीत सारली, टॉवेल परत घडी केला.
"इचारलं, कुणी दिली, तर?"
"सांगंन, सरकारनं," ती म्हणाली.
"खोटं हाय व्हय?"